माझ्या नावाचं, त्याच्या मुठीचं

पिस्तूल घेताना बाईने आधी काय बघावं असं मला कुणी विचारलं, तर मी सांगेन, सोबत कोण आलंय ते बघावं. वजन, नळी, गोळ्या किती मावतात, ते सगळं नंतर. पण मला कुणी विचारत नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईला लोक लोणच्यात मीठ किती घालायचं ते विचारतात.

आठेक वर्षांपूर्वी मी साठीत होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. त्या बाईची मला आता मोठी गंमत वाटते. केसांना मेंदी लावायची, मोबाइलवरच्या बातम्या शेजारणींना मोठ्याने वाचून दाखवायची, आणि कुठल्याही अडचणीवर तिचं एकच उत्तर तयार असायचं: ‘माझा भाऊ आहे ना धुळ्याला.’

आमचा मळा यावलजवळ. केळीच्या बागेच्या मधोमध घर, रस्त्यावरून दिसतही नाही. नवरा गेल्यावर सालदाराचं कुटुंब आवारातच राहत होतं, तोवर मला एकटेपणा असा नव्हता. मग त्याला त्याच्या गावी वाटणीची जमीन मिळाली आणि ते बिऱ्हाड गेलं. मुलगा पुण्याला अकराव्या मजल्यावर राहतो. त्याच्या गॅलरीत एक तुळस आणि एक कपडे वाळत घालायची दांडी, एवढीच मोकळी जागा. तिथे मी पंधरा दिवस राहिले की सोळाव्या दिवशी सुनेच्या डब्यांची झाकणं उगाच पुसत बसते. म्हणून मळा सोडायचा नाही, हे माझं ठरलेलं होतं.

एका दुपारी दोघं मोटारसायकलवर आले. ‘मावशी, पाणी मिळेल का?’ मी माठातलं थंड पाणी दिलं, वर गुळाचा खडा दिला. एक जण ओट्यावर बसून ‘केळीला भाव काय चाललाय’ वगैरे बोलत राहिला. दुसरा हात धुवायला म्हणून मागे गेला, तो मागच्या दाराने घरात शिरला. मी उठले तर पुढच्याने माझा हात धरला. जोरात नाही, अगदी मुलाने आईचा धरावा तसा. ‘बसा ना मावशी,’ म्हणाला. नवऱ्याचं घड्याळ, माझा मोबाइल आणि देव्हाऱ्यातली चांदीची वाटी गेली. जाताना त्याने पेलाही विसळून ठेवला. संस्कारी चोर.

मुलाने फोनवर निकाल दिला. ‘आई, बस झालं. मळा कुणाला तरी वाट्याने दे आणि इकडे ये.’

मी म्हटलं, ‘आणि मी सोय केली तर?’

‘कसली सोय? कुत्रा?’

भावाने सुचवली ती सोय कुत्र्याहून मोठी होती. ‘अक्का, तू परवाना काढ. तुझं प्रकरण पक्कं आहे. बाई माणूस, एकटी, लांबचं घर, चोरी झालेली, गुन्हा नोंदवलेला. तुला नाही द्यायचा तर कुणाला द्यायचा?’ मुलाशीही तोच बोलला. मुलाने कुरकुर केली, मग म्हणाला, ‘मामा, तुम्ही लक्ष घालणार असाल तर ठीक.’ म्हणजे मी मळ्यात राहणार की अकराव्या मजल्यावर, ते त्या एका हत्यारावर ठरणार होतं.

हा भाऊ माझ्याहून बारा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तेव्हा हा नुकता चालायला लागला होता. मी त्याला कडेवर घेऊन विहिरीवर जायची, लोक म्हणायचे पोरीची कंबर वाकडी होईल. पुढे तो धुळ्यात टँकरच्या धंद्यात पडला, चार पुढाऱ्यांत उठबस झाली, पांढरे कपडे आले. सगळे त्याला नाना म्हणू लागले. मी भाऊच म्हणत राहिले.

कचेरीत मला विचारलं, ‘मावशी, जिवाला धोका कुणापासून आहे?’

‘पाणी मागणाऱ्यांपासून, साहेब,’ मी म्हटलं. साहेब हसले नाहीत. चौकशीला मळ्यात आलेल्या हवालदाराने मात्र पाणी मागितलं आणि मग स्वतःच ओशाळला.

नियमाप्रमाणे शिकावंही लागलं. शिकवणाऱ्याने माझ्या हातात रिव्हॉल्व्हर दिलं, चाप कसा ओढायचा, बोट केव्हा बाहेर ठेवायचं ते सांगितलं. पहिला बार उडाला तेव्हा मी ‘अगं आई’ म्हटलं आणि दुसऱ्याला गप्प राहिले. कागदावरच्या माणसाच्या खांद्याला मी भोक पाडलं. मोबाइलवर त्या कागदाचा फोटो काढून मी सगळ्या नातेवाइकांना पाठवला. सकाळी फुलांचे फोटो पाठवणाऱ्या माझ्या नणंदेने त्यानंतर मला फुलं पाठवणं बंद केलं.

परवाना येईपर्यंत ती साठीतली शहाणी काय करत होती? सराव. घरात ठेवायचं ते ठीक, पण केळीचे पैसे बँकेत भरायला जाताना, आठवडे बाजारात जाताना ते अंगावर न्यायचं तर कुठे? पुरुषांना पट्टा असतो, खिसे असतात. बाईला साडी. मी जाड कापडाची पिशवी शिवली, ती परकराच्या नाडीला अडकवली, आणि वजनासाठी तिच्यात खलबत्त्याचा पितळी बत्ता ठेवला. वरून पदर. आरशात बघितलं तर काहीच दिसत नव्हतं, फक्त एका बाजूने मी जरा खाली कललेली होते.

जळगावच्या एसटीत चढताना नाडीने मान टाकली. मी एका हाताने दांडा धरला होता, दुसऱ्या हाताने परकर धरला, आणि बत्ता खण्णदिशी पायरीवर पडून गडगडत चालकाच्या सीटखाली गेला. कंडक्टरने तो उचलला, उलटसुलट केला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं विचारलं, ‘मावशी, याचं अर्धं तिकीट काढू की पूर्ण?’

मी बत्ता मांडीवर घेऊन जळगावपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. एवढ्यावर तरी त्या बाईने ओळखायला हवं होतं की हे मिरवायचं प्रकरण नव्हे. पण नाही.

परवाना आला आणि भाऊ गाडी घेऊन आला. जळगावातलं ते दुकान बाहेरून चष्म्याच्या दुकानासारखं होतं. दुकानदार वयस्क, बोलायला सावकाश. त्याने आधी काहीच काढलं नाही. ‘हात दाखवा,’ म्हणाला. बांगड्या भरणारा कासार जसा पंजा दाबून माप बघतो, तसा त्याने लांबूनच माझ्या हाताचा अंदाज घेतला, बोटं मिटायला लावली, उघडायला लावली. मग एक आखूड रिव्हॉल्व्हर काढलं, गोळ्यांचं चाक उघडून रिकामं असल्याचं दाखवलं आणि मूठ माझ्याकडे करून ठेवलं.

‘हे बघा. चाप जरा जड आहे, पण दुसरं काही करावं लागत नाही. भरलंय की रिकामं ते चाक उघडलं की डोळ्यांना दिसतं. घाबरलेल्या माणसाला जेवढं कमी करावं लागेल तेवढं बरं.’

ते माझ्या हातात बसलं. शिकताना जे धरलं होतं त्याचंच भावंड वाटलं.

भाऊ बाजूला फोनवर बोलत होता. फोन ठेवून आला आणि हसला. ‘अक्का, हे काय? जुन्या काळच्या जमादारासारखं. ते दाखवा हो.’ काचेखाली एक काळं, चपटं पिस्तूल होतं. त्याने शोधलं नाही, सरळ बोट ठेवलं. ते मला तेव्हा दिसलं, पण मी बघितलं नाही.

पिस्तुलाचा वरचा लोखंडी भाग मागे ओढावा लागतो, तेव्हा गोळी नळीत जाते. मी ओढला. हलला नाही. पुन्हा ओढला. अंगठ्याच्या सांध्यातून कळ कोपरापर्यंत गेली. चाळीस वर्षं थापलेल्या भाकरींनी त्या सांध्याचं जे करायचं ते करून ठेवलं होतं. भावाने ते माझ्या हातातून घेतलं आणि एका झटक्यात ओढलं. खट्ट. किती सहज.

‘बघ. सवयीने जमतं.’

‘त्यांना नाही जमणार,’ दुकानदार म्हणाला.

‘अहो, मी भरून देत जाईन की. घ्यायचं तर चांगलं घ्यावं. चार लोकांनी पाहिलं तर...’

‘चार लोकांना दाखवायचं नसतं हे,’ दुकानदार म्हणाला. मग त्याने भावाकडे न बघता मला विचारलं, ‘मावशी, वापरणार कोण?’

आणि ती मेंदी लावलेली बाई खळखळून हसली. ‘मीच की हो! हा काय धुळ्याहून पळत येणारे?’ भावाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘तुझ्या हातात ते कसं शोभतंय बघ, अक्का.’ झालं. मला कुणीतरी ‘शोभतंय’ म्हणून किती वर्षं झाली होती! मी काळं पिस्तूल घेतलं.

ठाण्यात नोंद झाली. मळ्यात लोखंडी कपाट अजून आलेलं नव्हतं. भाऊ म्हणाला, ‘दोन दिवस माझ्या तिजोरीत ठेवतो. कपाट आलं की आणून देतो.’ परवाना ज्याच्या नावाचा, हत्यार त्याच्याच ताब्यात, हे दुकानदाराने बजावून सांगितलं होतं. मी भावाला आठवण केली तर म्हणाला, ‘मी काय परका आहे?’ या वाक्यापुढे माझ्यासारखी बाई काय बोलणार. खोकं मात्र मी ठेवून घेतलं. छान होतं खोकं, आत मऊ कापड.

कपाट आलं. भाऊ आला नाही. आधी म्हणाला तेलपाणी करायचंय. मग म्हणाला तुझ्या कपाटाचं कुलूप पोरसुद्धा उघडेल, चांगलं बसव. मी चांगलं बसवलं. मग त्याच्या गाडीचं काम निघालं, मग कुणाची तरी निवडणूक. मीही फार लावून धरलं नाही, कारण गंमत अशी की माझी भीती गेली होती. मजुरांना, दूधवाल्याला, केळी भरायला येणाऱ्या गाडीवाल्यांना मी सांगून ठेवलं होतं, ‘माझ्याकडे आहे बरं.’ वाटेने जाणारे लोक घराकडे वेगळ्या नजरेने बघायचे. झोपताना मी कपाटाला हात लावून खात्री करायची. असं कित्येक महिने मी एका रिकाम्या खोक्याला राखत बसले होते, आणि मला गाढ झोप लागत होती. मुलगा फोनवर विचारायचा, ‘आई, सगळं नीट?’ मी म्हणायची, ‘एकदम.’

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ मला न्यायला आला. आमच्या खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात, मग ती लेक नातवंडांची आजी का असेना. माहेर शिंदखेड्याकडचं. दुपारी बायकांचा झोका झाला, गाणी झाली, आमरस आणि मांड्यांची जेवणं झाली. आखाजीला पुरुषमाणसं पत्ते खेळतात, ती बाहेर निंबाखाली सतरंजी टाकून बसली होती. वारा असा होता की पानं हातात ठरत नव्हती. वहिनीने मला ताकाचा तांब्या दिला. ‘अक्का, तेवढं देऊन ये ना बाहेर.’

मी गेले. खेळून टाकलेल्या पानांची गड्डी मध्ये होती आणि ती उडू नये म्हणून वर वजन ठेवलं होतं. माझं काळं पिस्तूल.

क्षणभर मला वाटलं, तसंच दुसरं असेल. मग मुठीजवळचा ओरखडा दिसला, दुकानातून निघताना माझ्याच बांगडीचा पडलेला.

‘हाई कोनं शे?’ मी विचारलं.

पत्ते पिसत असलेला एक जण मान वर न करता म्हणाला, ‘नानानं शे ना, अक्का. बठ्ठा गावले माहित शे.’

नानाचं म्हणे, आणि सगळ्या गावाला माहीत होतं. भाऊ माझ्याकडे बघून हसला, लहानपणी गूळ चोरताना सापडल्यावर हसायचा तसाच. ‘अक्का वं, ऊन शे. तू मझार जाय.’ आत जा म्हणे.

मी तांब्या खाली ठेवला. ‘भाऊ, भरेल शे का ते?’

भरलेलं आहे का, एवढंच मला हवं होतं. सोबतची माणसं आता बघायला लागली होती. त्यांच्यापुढे नाना होऊन बसलेल्या माझ्या भावाने पाठीमागच्या उशीला टेकत म्हटलं, ‘तूच देखी ले ना.’

तूच बघ. दोघांनाही ठाऊक होतं की मला बघता येणार नाही. आणि मी हलले नाही, तेव्हा तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘तुले वढता तरी येस का? मंग? काय करशी लई जाईसन?’

ओढता तरी येतं का तुला, मग नेऊन काय करशील. एक-दोघं हसले. मला तेव्हा कळलं. रागाच्याही आधी कळलं, अगदी स्वच्छ. मला ओढता येत नाही, हा त्या पिस्तुलातला दोष नव्हता. भावाने ते त्यासाठीच निवडलं होतं. मला जमलं असतं तर ते मळ्यात राहिलं असतं.

खेळणाऱ्यांत माझा एक चुलतभाऊ होता, फौजेतून निवृत्त झालेला. मी त्याला म्हटलं, ‘तू उघडून दाखव.’ तो उठला. ‘बठ्ठा सरका,’ म्हणाला, आणि त्याच्या आवाजाने सगळे खरोखर सरकले. त्याने ते जमिनीकडे धरलं, खालून गोळ्यांची पेटी काढली. मला वाटलं संपलं. मग त्याने वरचा भाग ओढला आणि एक गोळी उडून सतरंजीवर पडली, बदामाच्या राणीवर. नळीत होती ती. पोरंबाळं ज्या झाडाखालून झोक्याकडे पळत होती, त्या झाडाखाली ते तसं ठेवलेलं होतं.

कुणी हसलं नाही. चुलतभावाने भावाला एक शिवी दिली, ती मी लिहीत नाही.

मी पिस्तूल, पेटी, ती सुटी गोळी माझ्या पिशवीत घातली. भाऊ उठून माझ्या मागे आला. आता तो नाना नव्हता. ‘अक्का, चार माणसांत असं करतात का? माझी काही इज्जत आहे की नाही? माझ्यामुळेच तर मिळालं तुला ते. कचेरीत कोण फिरलं?’

‘कुणासाठी फिरलास?’ मी विचारलं.

चुलतभावाने मला दोंडाईच्याला नेऊन जळगावच्या गाडीत बसवून दिलं. वहिनी दारात उभी होती, तिने मला सोबत द्यायला मांडे काढले होते. ते सुपातच राहिले.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराकडे गेले. त्याने सगळं ऐकलं, चष्मा काढला. ‘मावशी, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. तुमच्या आधी तुमचे बंधू आले होते. स्वतःसाठी बघायला. हेच हातात घेऊन बराच वेळ बसले होते. पुढे त्यांचा अर्ज नामंजूर झाला, काहीतरी मारामारीचं जुनं प्रकरण होतं.’

‘मग तेव्हा का नाही बोललात?’

‘तुम्ही दोघं इतके हसत होतात,’ तो म्हणाला. ‘मी विचारायचं ते विचारलं होतं.’

खरं होतं. विचारलं होतं.

पोलिसांत जावं असं मनात आलं. दोनदा घरून निघालेही. पण तो आत गेला असता, आणि माझं हत्यार मीच दुसऱ्याच्या हाती दिलेलं, म्हणजे माझा परवाना आणि मळाही गेला असता. पिस्तूल रीतसर दुकानात जमा केलं आणि घरी येऊन मुलाला फोन केला. त्याने मामाला शिव्या द्याव्यात, एवढीच माझी अपेक्षा होती.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘आई, मामांनी मला तेव्हाच सांगितलं होतं.’

‘काय सांगितलं होतं?’

‘की ते त्यांच्याकडेच ठेवतील. या वयात तुझ्या हातात नको म्हणाले. मलाही बरं वाटलं गं. लोकांना माहीत आहे तुझ्याकडे आहे, घरात खोकं आहे, तेवढ्यावर भागतंय असं वाटलं.’

‘आणि मला इथे राहू दिलंस ते कशाच्या जोरावर?’

‘वाटलं होतं वर्षभरात कंटाळून येशील.’

भावाचं मला समजलं होतं. त्याला मिरवायचं होतं. पण मुलाने माझी रोजची रात्र त्या खोक्यावर सोडून दिली होती आणि रोज मला विचारत होता, आई, सगळं नीट? मी फोन ठेवला. कपाट उघडलं. खोक्यातल्या मऊ कापडावर पिस्तुलाच्या आकाराचा खळगाही पडलेला नव्हता, इतकं ते नवं होतं. त्या रात्री मी झोपले नाही. आजवर कशाच्या भरवशावर झोपत होते, ते आता मला माहीत होतं.

परवानग्या पुन्हा काढाव्या लागल्या. या वेळी सगळीकडे एकटीच फिरले, एसटीने. तेच आखूड रिव्हॉल्व्हर घेतलं. चाक मी स्वतः उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. चाप दोन्ही हातांनी ओढते, जमतं. सराव चालू ठेवलाय. बाजारात ते कधीच नेलं नाही, बँकेत जाताना क्वचित नेते, आणि नेलं की मागे वळून बघून बघून दिवसभर मान अवघडते. ही हौसेची वस्तू नाही, हे कळायला मला एवढा खर्चिक भाऊ लागला.

भाऊ त्यानंतर आला नाही. अक्काने चार माणसांत उतरवलं, असं तो सांगत फिरतो. अजून सांगतो म्हणे.

मुलगा येतो. दिवाळीला येतो, उन्हाळ्यात नातवंडांना घेऊन येतो. मला न्यायचं आता बोलत नाही. पहिल्या दिवशी जेवण झालं की पोरं बागेत जातात, आणि तो हात पुसत विचारतो, ‘आई, ते कुठे ठेवलंयस?’

‘आहे.’

‘आहे म्हणजे? कपाट कुठलं? किल्ली? उद्या काही झालं, मला माहीत नको का?’

‘पोरांच्या हाती लागणार नाही, एवढं बघितलंय मी.’

‘मी पोरांचं नाही विचारत. माझं विचारतोय.’

‘कळलं मला,’ मी म्हणते आणि त्याच्यासमोर केळ्यांची फणी ठेवते. त्याला लागतं, ते दिसतं. मलाही लागतं. तो केळं सोलतो, अर्धं मला देतो, मी खाते. किल्ली कुठे आहे ते मी सांगत नाही.